हवालदाराच्या छातीवरचा कॅमेरा

बसा, बार्शीटाकळीची गंमत सांगतो. कपाशीच्या बियाण्याची रांग होती. बंदोबस्ताले उकर्डे हवालदार, छातीवर नवा कॅमेरा. थैल्या थोड्याच उरल्या, अन् सकाळपासून उभ्या अय्युबचाचाच्या समोर हवालदाराचा साळा घुसला.

"भाऊजी, दोन थैल्या काढून द्या."

"मांगं जाय. कॅमेरा चालू हाय, साहेब पाहून राह्यले."

"ताईले सांगीन!"

"सांग. तुही धमकीबी भरली यात."

साळा पाय आपटत मांगं गेला.

"हवालदारसाहेब, सकाळी तर या डब्याले शिव्या देत होते तुमी?"

"देत होतो, चाचा. पन वीस वर्षांत सासरच्याले आज पहिल्यांदा नाही म्हनलो!"

"याचा लाल लाइट तर बंद हाय."

"चार्जिंग कवाचीच संपली."

भेटलेली थैली उराशी धरून चाचा खो-खो हसला. तुमी फक्त एवढं करा, त्या साळ्याले सांगू नका.