मुनीरचं मयत आणि आमची वारसाफेरी

...नाही, पण छातीवर नावाची चिठ्ठी कशाला? तुम्हीच सांगा! ज्या गावात जन्मलो, ज्या गावात माझे दुधाचे दात पडले आणि आता कवळीचेही पडायला आले, तिथे माझ्या कोटावर लाल अक्षरांत 'रासिम' असं चिकटवलं त्या पोरीने, आणि वर कानात एक यंत्र खुपसलं. म्हणे, "आजोबा, मी कुठूनही बोलले तरी तुम्हाला ऐकू येईल." अगं, पण मला ऐकायचंच नाहीये! मला इझमिर दाखवणार कोण, तर एजेम, माझ्या मेहुणीची नात, अंकाराला वाढलेली. अंकारा! जिथे समुद्र बघायचा तर कॅलेंडरावर! आणि मी? अख्खी नोकरी बंदरातल्या टगवर काढली, डोंगराएवढी जहाजं दोराने ओढून धक्क्याला लावली, आणि मला ही विचारते, "आजोबा, आपल्या शहराला आखात आहे हे तुम्हाला माहीत होतं का?" पण करता काय, अडला होतो. तुम्हाला सांगतो, मी काही वारसा बघायला निघालो नव्हतो. मी निघालो होतो मयत चुकवायला.

कुणाचं म्हणून काय विचारता? मुनीरचं! मुनीर म्हणजे आमच्या समोरचा, जकातीतला कारकून, एके काळचा माझा जिवलग. रोज संध्याकाळी सोंगट्या खेळायचो आम्ही, तो फासे टाकताना फसवायचा आणि मी ओरडायचो, असं बरं चाललं होतं. आता आमचं घर आहे चढावर, त्याचं खाली, आणि त्याच्या गच्चीवरून पलीकडे माझ्या बाल्कनीतून सगळं आखात दिसायचं. सगळं! मी नोकरीभर एकच गोष्ट मनाशी धरून होतो, की रिटायर झालो की खुर्ची टाकायची, चहाचा पेला घ्यायचा आणि दुसऱ्यांनी जहाजं ओढलेली बघत बसायचं. दुसरं काही मागितलं होतं का मी? मार्चमध्ये रिटायर झालो. मेमध्ये मुनीरने मजला चढवला. बरोबर माझ्या डोळ्यांसमोर! सकाळी खुर्ची टाकून बसलो तर समोर विटा... आणि त्या विटांवर त्याच्या बायकोची वाळत घातलेली वांगी.

गेलो विचारायला. काय म्हणाला माहितीये? "अरे रासिम, एवढं काय त्यात? समुद्रच बघायचाय ना? ये की माझ्या गच्चीवर. चहा पी, बघ हवा तेवढा." म्हणजे समुद्र माझा, आणि मी पाहुणा! त्या दिवशी मी त्याला भर रस्त्यात सांगितलं, मुनीर, तू मेलास तरी तुझ्यावरचा माझा हक्क मी सोडणार नाही, लक्षात ठेव. त्यानंतर बारा वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

आणि परवा सकाळी मिनारावरून घोषणा सुरू झाली, "जकातीतले निवृत्त कारकून मुनीर..." एवढं ऐकलं आणि मी धाडकन खिडकी लावली. पुढचं कोण ऐकतो? तेवढ्यात मेलाहत, आमची सौभाग्यवती, कोट घेऊन हजर.

"घाल हा. दुपारच्या नमाजानंतर आहे."

"मी येणार नाही."

"रासिम, माणूस मेला. आता कसलं भांडण?"

"तो मेला. भांडण माझं आहे, ते चांगलं धडधाकट आहे."

"अरे, इमाम सगळ्यांना विचारेल, मेलेल्यावरचा हक्क सोडला का. 'सोडला' म्हणायचं आणि घरी यायचं. एका शब्दाचं तर काम."

"तोच शब्द द्यायचा नाहीये मला."

"मग वर त्याला अडवून ठेवतील ना बिचाऱ्याला."

"ठेवू देत! बसू दे रांगेत. मी बारा वर्षं भिंत बघतोय."

आता मेलाहतशी वाद घालून कोणी जिंकलंय का आजवर? मला एक निमित्त हवं होतं, पक्कं, नात्यातलं. आणि मला आठवलं की ही एजेम कधीपासून मागे लागली होती, "आजोबा, माझ्या वारसाफेरीला या ना एकदा." म्हटलं, मेलाहत, मी पोरीला शब्द दिलाय, तिचं मन मोडू? आणि सटकलो.

तर पहिला थांबा, घड्याळाचा मनोरा. बरोबर केसेरीहून आलेले निवृत्त मास्तरलोक, चांगली बसभर माणसं, सगळ्यांच्या छातीवर चिठ्ठ्या. एजेम लाल छत्री उंच धरून उभी. कानात आवाज, "मित्रांनो, हा मनोरा पाहून तुमच्या मनात काय येतं?" मास्तरलोक विचारात पडले. एकाने काळाच्या ओघाबद्दल काहीतरी सांगितलं. मला विचारलं. मी म्हटलं, "साडेदहा." माझ्या मनात आलं ते खरं हेच, की अजून दोन-अडीच तास काढायचे आहेत!

मग बाजारात शिरलो. आणि इथे माझी फजिती सुरू झाली, कारण मी एक गोष्ट विसरलो होतो... मला तिथे सगळा बाजार ओळखतो! एजेम कानात सांगतेय, "आत्ता तुम्ही समुद्रात उभे आहात. एके काळी इथे पाणी होतं, जहाजं इथे नांगर टाकायची, मग हळूहळू हे सगळं बुजवलं गेलं." मास्तर पायाखाली बघून आश्चर्य करतायत. मी मनात म्हटलं, म्हणजे ही खोड गावाला जुनीच आहे! तेवढ्यात लोणचीवाला दुकानातून ओरडला, "रासिमदादा! तू इथे? मुनीरच्या मयताला नाही गेलास?"

मी छत्रीमागे लपलो.

"आणि छातीवर नाव कशाला चिकटवलंय? हरवतोस काय हल्ली?"

मास्तर हसले! मग त्याने सगळ्यांना काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, नाही म्हणायची सोय नाही, आणि पाजता पाजता प्रत्येकाला सांगितलं, "यांचा शेजारी गेलाय हो आज. जुने दोस्त. धक्का बसलाय म्हाताऱ्याला, भिरभिरतोय." पुढे टोपीवाला, "रासिमदादा, मुनीरचं वाईट झालं." त्याच्यापुढे कॉफी कुटणारा, "दादा, बस जरा, पाणी घे." अहो, मी तोंड लपवून चाललोय आणि कपाळावर लिहिल्यासारखा सगळा बाजार माझं सांत्वन करतोय! केसेरीच्या बायका माझ्याकडे कळवळून बघायला लागल्या. एकीने माझा दंड धरला, तो पुढे सोडलाच नाही. आणि मी निघालो होतो कशाला? मयत चुकवायला!

एजेमला म्हटलं, पोरी, जरा लांबच्या गल्लीने चल. ती म्हणाली, "आजोबा, आता शेवटचा थांबा. दोरखंडवाल्यांची मशीद. अंगण फार शांत आहे तिथलं, तुम्हाला बरं वाटेल." मला हायसंच वाटलं. कारण मुनीरचं मयत असणार आमच्या चढावरच्या मशिदीत, आमच्या मोहल्ल्याची सगळी मयतं तिथूनच निघतात. बरोबर की नाही? बरोबर! फक्त चढावरच्या मशिदीचं छप्पर गेल्या आठवड्यापासून उघडं आहे, आणि म्हणून दुपारचं मयत खाली बाजारातल्या दोरखंडवाल्यांच्या मशिदीत हलवलंय, हे मिनारावरून दोनदा सांगितलं होतं म्हणे. दोनदा! पण मी खिडकी लावली होती ना...

अंगणात पाऊल टाकलं. चिनाराचं झाड, कारंजं, आणि दगडावर हिरव्या कापडाखाली पेटी. सात-आठ माणसं आखडून उभी, आणि प्रत्येकाच्या कॉलरला फोटो टाचलेला. मुनीर. हसणारा मुनीर. सात-आठ ठिकाणी एकदम. मागे वळलो तर फाटकाशी बायकांत मेलाहत, डोक्याला रुमाल बांधून, आणि माझ्याकडे असं बघते की जणू मी पहिल्यांदाच आयुष्यात काही शहाणपणाचं केलंय. म्हणाली, "आलास ना शेवटी."

आता गंमत बघा. मुनीर सगळ्या गल्लीशी भांडलेला, त्यामुळे मयताला माणूस नाही. इमाम हिरमुसून उभा. आणि फाटकातून आत काय येतं, तर लाल छत्री आणि बसभर माणसं, सगळ्यांच्या छातीवर नावं! इमामाचा चेहरा उजळला. "या, या. कोणत्या संघटनेकडून?" एजेम म्हणाली, "वारसाफेरी." इमाम म्हणाला, "अल्लाह तुमचं भलं करो, पुरुष पुढे, बायका मागे." आणि केसेरीची माणसं ती, मयत दिसलं आणि पाठ फिरवली असं त्यांच्यात होतं का? सगळे मास्तर टोप्या सारख्या करून उभे राहिले रांगेत! कोणीतरी येऊन सगळ्यांना फोटो टाचले. माझ्या छातीवर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुनीर. मला ढकलत ढकलत थेट पहिल्या रांगेत नेलं, मुनीरच्या मुलाच्या, इल्केरच्या शेजारी. आणि कानात ते यंत्र चालूच! मागून एजेम हळू आवाजात, "मित्रांनो, आपण भाग्यवान आहोत. हा जिवंत वारसा आहे." जिवंत! आणि पेटीत मुनीर!

नमाज झाला. इमाम वळला. "हा माणूस कसा होता?"

"चांगला होता!" केसेरीचे मास्तर. एका सुरात, वर्गात म्हणतात तसं. जन्मात ज्याला पाहिलं नाही त्याच्याबद्दल!

"तुमचा याच्यावर काही हक्क असेल, काही राग असेल, तो सोडलात का?"

"सोडला!"

मी ओठ घट्ट मिटले.

"सोडलात का?"

"सोडला!" चिनारावरची कबुतरं उडाली.

तिसऱ्यांदा विचारायच्या आधी इमामाचं लक्ष माझ्याकडे गेलं. सगळ्या रांगेत तोंड बंद असलेला मी एकटा. इमाम थांबला. इल्केर वळून बघायला लागला, मास्तर वाकून बघायला लागले, फाटकाशी मेलाहत, आणि कानात एजेम, "आजोबा, लाजू नका, म्हणा." म्हटलं, ठीक आहे. विचारताच आहात ना? मग ऐका! बारा वर्षं साठलेलं आहे, होऊन जाऊ द्या आज!

"इमामसाहेब," मी म्हटलं, "मला बोलायचंय."

"बोला."

"मी सकाळी बाल्कनीत बसायचो..." आणि तुम्हाला सांगतो, मी मजल्यापर्यंत पोचायला निघालो होतो हो, सुरुवात करायची म्हणून समुद्रापासून केली. म्हटलं, पहाटेची बोट यायची. धुकं असलं तर आधी नुसता भोंगा यायचा, आणि कोणतं जहाज आहे ते मी भोंग्यावरून सांगायचो, आणि हा मुनीर खालून ओरडायचा, चूक! आणि मग आम्ही पैज लावायचो चहाची... आता हे मला कशाला आठवायला हवं होतं? पुढचा शब्द 'मजला' होता, अगदी ओठांवर होता, पण बाहेर आलं ते रडू. हमसून हमसून! खरं सांगू? ते समुद्रासाठी होतं की त्या हलकटासाठी, मला अजून कळलेलं नाही. एवढं कळलं की ज्याच्यावर ओरडायचं तो हिरव्या कापडाखाली गप पडलाय, आणि आता मी बाल्कनीतून कितीही रागाने बघितलं तरी पलीकडे कोणी नाही.

संपलं! केसेरीच्या बायका रडायला लागल्या. इल्केर माझ्या गळ्यात पडला. इमाम डोळे पुसत म्हणाला, "बघा, शेजारी याला म्हणतात," आणि मग पेटीकडे वळून तिसऱ्यांदा, "सोडलात ना?" आणि बसभर माणसं, माझ्याही वतीने, गरजली, "सोडला!" हक्क माझा, राग माझा. माफ केलं केसेरीच्या मास्तरांनी!

मग खांदा. पुढचा उजवा. कोणी दुसऱ्याला धरूच देईना, "काकांना द्या, काकांचा जीव होता त्यांच्यावर." मुनीर जिवंतपणी वजनाला असा कधी वाटला नव्हता. आणि बाजारातून चाललोय तर कानात एजेम, "आपली फेरी आज ठरलेल्या मार्गावरून थोडी वळते आहे." लोणचीवाला दारात टोपी काढून उभा. कबरस्तानातून परत आलो तर इल्केरने चौकात कढई लावलेली, मयताच्या नावाने पाकातले गरम गोळे वाटणं चालू, मास्तर दुसऱ्यांदा रांगेत. एक मास्तर मला म्हणतात, "इतक्या फेऱ्या केल्या हो, इतकं भावपूर्ण कुठे नव्हतं." आणि मी निघालो होतो मयत चुकवायला...

काल संध्याकाळी इल्केर घरी आला. हलव्याचं ताट घेऊन. बसला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग पेला खाली ठेवून म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. आम्ही आता इथेच राहायला येतोय. मुलं आहेत, जागा पुरणार नाही. वर अजून एक मजला चढवावा म्हणतोय, बाबांच्या नावाने. खोटं कशाला बोलू, तुमचीच धास्ती होती मला. वाटायचं, तुम्ही हरकत घ्याल. पण काल तुम्हाला तसं रडताना बघितलं आणि माझ्या मनातलं सगळं निघून गेलं."

मी बाल्कनीकडे बघितलं. विटांच्या वर अजून चार बोटं आकाश आहे. तिथे संध्याकाळी एखादा पक्षी तरी दिसतो. मेलाहत स्वयंपाकघराच्या दारात उभी, नजर माझ्यावर. आणि सगळ्या बाजारात नाव झालंय माझं, मुनीरचा जिवलग म्हणून!

म्हटलं, "बांध, बाळा."

पोराने माझा हात घेऊन कपाळाला लावला. म्हणाला, "काका, मग पहिलं घमेलं तुमच्याच हातचं पडलं पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही मी."

गुरुवारी स्लॅब आहे. कोट इस्त्रीला टाकलाय.