बोटीचा रंग

"दर्यावरचा माणूस रक्ताला भीत नाही," नरपडचा चंदर म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कुत्र्याला रक्त काढायची सुई लावताच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जनावरांच्या दवाखान्यातल्या एकुलत्या बाकावर सावे मास्तर आपल्या शेळीचं औषध न्यायला पिशवी घेऊन बसले होते. ते ऐकू लागले.

"पोटावर हे लाल ठिपके कधीपासून?"

"आठ दिवस झाले, बाई. बोट रंगवतोय. हा खालीच झोपतो. म्हटलं, अंगावर रंग उडाला."

"रोज रॉकेलने पुसत होते," चंदरची बायको मालू म्हणाली. "मी सांगत होते, बोट निळी आहे."

"तळाला लालच देतात."

"रंग नाही, कातडीखालचं रक्त आहे ते. याला फिट येतात म्हणून देता ना, त्या गोळीने क्वचित रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात."

"मग आजपासून गोळी बंद."

"बंद करू, पण फिटची दुसरी वेगळी गोळी पोटात गेल्यावर. नुसती बंद केलीत तर फिट जोरात येईल."

"वाचेल ना?"

"बहुतेक भरून येईल. तोवर कुठे आपटू देऊ नका. जरा पडून राहू दे त्याला."

चंदर वळला आणि कुत्र्याला उचलून बाकाकडे आला.

"मास्तर, उठता का जरा? याला आडवं करायचंय. पिशवी राहू दे, उशाला होईल."