बगळ्यांना एकदा हरू द्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड ॲल्विन स्टॅम्प्स, पाइन लँडिंग कॉलेजच्या प्राचार्या डॉक्टर मेझ, व्यासपीठावर ताठ बसलेले पाहुणे, आजचे उत्सवमूर्ती थॅडियस गेन्स, आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्या पण डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लागलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

तुम्ही मला विसरलात, हे मला ठाऊक आहे. माझी नात रेनिटा हा कागद घेऊन उभी राहिली तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला नक्की विचारलं असेल, "ओडेलिया ट्रिबल? ती अजून आहे?" आहे. कंबरेचं हाड मोडलंय, बाकी सगळी आहे. रेव्हरंड, गेल्या ईस्टरला तुम्ही माझा हात हातात घेऊन म्हणाला होतात, "पुढच्या आठवड्यात येतोच." तुमचा आठवडा बराच लांबला. असू द्या. देवाच्या माणसांचं कॅलेंडर वेगळं असतं.

मला अक्षर येत नाही. ज्या वयात पोरं पाटी धरतात त्या वयात मी कापसाच्या ओळीत पिशवी ओढत होते. म्हणून मी पडल्यापडल्या बोलते आणि रेनिटा लिहिते. ती मधूनमधून माझं बोलणं सुधारून लिहिते असा मला दाट संशय आहे, पण पकडणार कसं?

तर, थॅडियस. आधीच्या वक्त्यांनी त्याच्या टायरच्या दुकानाचं कौतुक केलं असेलच. हायवेवर कुणाचं चाक बसलं तर पाऊस असो, रविवार असो, हा जॅक घेऊन हजर, हेही सांगितलं असेल. सगळं खरं आहे. पण त्या दुकानात दर डिसेंबरला जे चालायचं त्याबद्दल बोलायला मी हवी होते. कारण ते चालायचं माझ्यासाठी, आणि मला ते कळत नाही असं सगळ्यांना वाटायचं.

इथल्या तरुण मुलांना आमची 'बगळ्यांची' गोष्ट धड माहीत नसणार. कॉलेजच्या फुटबॉल संघाला बगळे हे नाव कुणी दिलं देव जाणे. समोरच्या गावची पोरं एका पायावर उभी राहून आम्हाला चिडवायची. आणि चिडवण्यासारखेच होते ते. माझा पोरगा लेम्युएल तिथे खेळायला लागला तेव्हाची पहिली दोन वर्षं ते इतके हरले, की मैदानाबाहेर शेंगदाणे विकणारासुद्धा सामना संपायच्या आत घरी जायचा.

लेम क्वार्टरबॅक होता, चेंडू हातात घेऊन सगळा डाव चालवणारा. थॅडियस त्याच्या पुढे वाकून उभा राहायचा आणि जमिनीवरचा चेंडू पायांमधून मागे लेमच्या हातात द्यायचा. प्रत्येक डावाची सुरुवात त्या दोघांच्या हातांनी व्हायची. मी थॅडियसला म्हणायचे, "तुझं तोंड मला सामन्यानंतरच दिसतं रे." तो म्हणायचा, "मिस ओडेलिया, लेमलासुद्धा."

आता एक आईची गोष्ट सांगते. शनिवारी सामना हरला की लेम थेट घरी यायचा. मी कॅटफिश तळून ठेवलेला असायचा. तो फक्त शेपटीकडचे कुरकुरीत तुकडे निवडून घ्यायचा आणि दुप्पट जेवायचा. मी समोर बसून त्याच्याकडे बघायची. बघू नको म्हणायचा, मी बघायचीच. जिंकला की मात्र त्याचा पत्ता नसायचा. मित्र, गाड्या, पोरी, गाणी. जिंकलेल्या पोराला आई कशाला लागते?

आणि मग सत्तर साल आलं, आणि बगळे हरायचेच थांबले. एकही सामना हरले नाहीत. गाव वेडं झालं. मीही झाले, नाही म्हणत नाही. पण त्या सबंध हंगामात दर शनिवारी मी लेमचं ताट वाढून त्यावर दुसरं ताट पालथं घालत होते, आणि रविवारी सकाळी ते कुत्र्याला घालत होते. आमचं कुत्रं त्या वर्षी फार गुबगुबीत झालं होतं.

हल्ली कसं, चांगले चांगले संघ निवडतात, त्यांना आपसात भिडवतात, शेवटी उरेल तो देशात पहिला. तेव्हा तसं नव्हतं. लांबच्या शहरांतले वर्तमानपत्रवाले खुर्चीत बसून ठरवायचे की कोण पहिला आणि कोण दुसरा. त्यांच्यातल्या एकानेही आमच्या पोरांना खेळताना पाहिलं नव्हतं. लहान कॉलेज, मिसिसिपीतला चिखल, आणि पोरं सगळी काळी. कशाला येतील? तरी कोचने पोरांना सांगितलं होतं, "कपडे धुऊन तयार ठेवा. बोलावणं येईल. मोठ्या मैदानावर एक सामना तरी देतील." पोरं कॉलेजच्या जेवणघरात फोनजवळ बसून राहिली. आठवडाभर. फोन एकदाच वाजला. कोंबड्यांच्या खाद्याचं बिल कुणीतरी चुकीच्या ठिकाणी मागत होतं.

लेम घरी आला आणि म्हणाला, "आई, एक सामना गं. फक्त एक दिला असता तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "जेवतोस का?"

म्हणाला, "हरलो नाही ना. भूक नाही."

वसंतात त्याने पदवी घेतली. माझ्या घरात पदवी आली. मी तो कागद उलटा धरला आणि सगळे हसले. उन्हाळ्यात सैन्याचं पत्र आलं. ज्या बोलावण्याची वाट बघितली ते आलं नाही, जे नको होतं ते घर शोधत आलं. थॅडियसचाही नंबर लागला होता. पण डॉक्टरांनी त्याचा गुडघा दाबून पाहिला आणि परत पाठवला. तो गुडघा मोडला होता त्याच हंगामात, लेमच्या अंगावर धावून आलेल्या एका दांडगटाला आडवं होऊन अडवताना.

लढाईत लेमचं हेलिकॉप्टर तिकडच्या समुद्रावर गेलं. ते सापडलं नाही. पेटीसुद्धा आली नाही. घडी घातलेला एक झेंडा आला, तो माझ्या कपाटात आहे. रेनिटा, इथे थांबू नकोस, वाचत राहा.

त्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात थॅडियस दारात आला आणि म्हणाला, "मिस ओडेलिया, चला जरा दुकानात." दुकानात टायरांच्या ढिगावर फळी टाकली होती, फळीवर डॉमिनोच्या सोंगट्या पालथ्या पसरल्या होत्या, आणि भोवती गावातले सात-आठ बाप्ये अगदी गंभीर चेहऱ्याने बसले होते. खेळ असा: सगळ्यांनी एकेक नावाजलेला जुना संघ घ्यायचा. कुणी टेक्सासचा, कुणी ओहायोचा, कुणी आपल्या बापाच्या काळचा. मग त्यांना भिडवायचं. दोघांनी आळीपाळीने सोंगटी उलटायची, जितके ठिपके तितकी मजल, शेवटी मजल जास्त त्याचा सामना. आणि सोंगटी उलटणाऱ्याने तो डाव उभा राहून सांगायचा, रेडिओवर सांगतात तसा. हरला तो बाहेर. जिंकला तो पुढच्या फेरीत. खुर्चीत बसलेल्या वर्तमानपत्रवाल्यांची गरजच नाही.

थॅडियसकडे बगळे. दुसऱ्या कुणाकडे कधीच नाही.

आमच्या चर्चचे डीकन पर्व्हिस उत्तरेकडचा एक राक्षसी संघ घ्यायचे. म्हणायचे, "थॅडियस, माझी पोरं दूध पिऊन वाढलीत. तुझे बगळे चिखलातल्या बेडक्या खाऊन." थॅडियस म्हणायचा, "डीकन, तुमच्या पोरांना आमच्या मैदानावर आणा. गुडघ्यापर्यंत रुतली की विचारतो, दूध कुठल्या गाईचं." मी कोपऱ्यात पेकानचे दाणे सोलत बसायची. आणि मग थॅडियस उठायचा, तो मोडका गुडघा सावरत, आणि सांगायला लागायचा: "चेंडू लेमच्या हातात... लेम मागे सरतो... डावीकडे बघतो..." आणि माझ्या पेकान सोलणाऱ्या बोटांना काही सुचायचं नाही. तुम्ही सांगा, माझ्या पोराबद्दल चालू काळात बोलणारं दुसरं कोण होतं मला?

बगळे दर वर्षी जिंकायचे. दर वर्षी. देशातला एकही संघ सुटला नाही.

मी अडाणी आहे, आंधळी नाही. त्या सोंगट्यांमधली सर्वांत मोठी, दोन्ही बाजूंना सहा-सहा ठिपक्यांची, तिचा एक कोपरा उडालेला होता. पालथी असली तरी ओळखू यायची. सामना अटीतटीला आला की थॅडियसचा हात बरोबर तिच्यावर. पण मला खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एका वर्षी डीकन पर्व्हिसांचे बगळ्यांपुढे दहा ठिपके जास्त झाले होते. शेवटची पाळी त्यांची होती, मग थॅडियसची. त्यांचा हात त्या मोडक्या कोपऱ्याच्या सोंगटीवर आला. घेतली असती तर बगळे संपले होते. हात तिथे क्षणभर थांबला, आणि शेजारची सोंगटी उचलून घेऊन गेला. एक ठिपका. "हत तिच्या," म्हणाले डीकन, आणि माझ्याकडे न बघता टोपी डोक्यावर ओढली. सगळेच तसं करायचे. खोटं बोलायला एकाचं धाडस पुरतं. हे एवढे बाप्ये आयुष्यभर एक शब्द न बोलता एका बाईसाठी हरत राहिले. डीकन, तुम्ही समोर बसला असाल. आज टोपी ओढू नका. तुमचा चेहरा रेनिटाला बघू द्या, मला येऊन सांगेल.

आता थॅडियसची लेक त्याला ह्यूस्टनला नेते आहे. त्याच्याच्याने आता टायर उचलवत नाहीत. दुकान विकलं गेलं. पण गडी निघायला तयार नाही. दोनदा सामान बांधलं, दोनदा सोडलं. गेल्या महिन्यात तो माझ्या पलंगाशी येऊन बसला. टोपी फिरवत म्हणाला, "मिस ओडेलिया, मी गेलो तर लेमला चेंडू कोण देणार?"

सत्तरी ओलांडलेला बाप्या. मला हसूही आलं नाही.

त्या दिवशी उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायला धीर नव्हता. आज सांगते. गेल्या हिवाळ्यात रेनिटाने मला टीव्हीवर ती खरी स्पर्धा दाखवली, हल्लीची, हरला की बाहेरवाली. एक संघ हरला. त्यांचा क्वार्टरबॅक, लेमएवढाच, मैदानातून मान खाली घालून चालला होता. मी विचारलं, "हा आता कुठे जाणार गं?"

रेनिटा म्हणाली, "घरी, आजी. हरले ना. जिंकलेले पुढच्या शहरात जातात, हरलेले घरी."

कठड्याशी त्याची आई उभी होती. तिने वाकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. पोरगं रडत होतं, जगातलं सगळं संपलं असं. आणि ती बाई, मी तुम्हाला सांगते, ती बाई त्याच्या डोक्यावरून बाकी जगाकडे अशी बघत होती, जणू तिलाच करंडक मिळालाय.

त्या रात्रीपासून मला एकच सुचतं. आपण लेमला एवढी वर्षं जिंकवत राहिलो. एक सामना झाला की पुढचा, तो झाला की पुढचं शहर. आपण त्याला घरी येऊच दिलं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत आहे म्हणे, की भाषणं संपली की याच व्यासपीठावर शेवटचा सामना होणार, आमचे बगळे आणि डीकनांचा संघ. थॅडियस, बाळा, माझं ऐक. त्या गुडघ्याने तुला इथे ठेवलं, त्यात तुझा काही गुन्हा नाही. तू त्याच्यापुढे आडवा झाला होतास. त्याहून जास्त कुणी काय करतं? तू माझं गवत कापलंस, माझं छप्पर शाकारलंस, माझ्या पोराला म्हातारं होऊ दिलं नाहीस. आता ती मोडक्या कोपऱ्याची सोंगटी खिशात घाल आणि ह्यूस्टनला घेऊन जा. बाकीच्या सोंगट्यांनी खेळ. डाव नेहमीसारखा उभा राहून सांग. शेवटचा चेंडू नीट दे त्याच्या हातात. आणि मग त्याला हरू दे. तूही जा, लेक वाट बघते आहे. चेंडू द्यायची काळजी करू नकोस. घरी आलेल्या पोराला चेंडू लागत नाही.

डीकन, यंदा हात थांबवू नका.

मला बोलायची संधी दिलीत, रेव्हरंड, प्राचार्याबाई, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. स्वयंपाकघरात घाम गाळणाऱ्या बायांचे जास्त आभार, कारण त्यांना भाषणं ऐकावी लागली नाहीत. माझ्या बोलण्यातलं काही कुणाला टोचलं असेल तर ते माझ्या वयाच्या खात्यावर घाला, आणि भाषा कुठे घसरली असेल तर ती रेनिटाच्या.

आता जेवणाचं. माझ्यासाठी ताट पाठवणार असाल तर दोन पाठवा. माझ्या ताटात मऊ मासा, काटे काढलेला, आणि कॅरमेल केकचा लहान तुकडा. दुसऱ्या ताटात शेपटीकडचे तुकडे, कुरकुरीत, कडा जरा करपल्या तरी चालतील, तिखट सॉस बाजूला, आणि भरपूर वाढा, नेहमीच्या दुप्पट. वर ताट पालथं घाला, गरम राहिलं पाहिजे. पण पाठवायची घाई करू नका, सामना संपू द्या. बगळे जिंकले तर एकच ताट पुरे.