मासळीखात्याची बाई

सरोज : आई, निदान एक फोन तरी करा. शपथ परवाच झाली, आज खातेवाटप आहे. नाहीतर नुसत्या मंत्री म्हणून घरात बसाल, खात्याशिवाय.

मनुबाई : मी कशाला करू? मना काय पायजे ते सांगून झालंय. आता त्यांनी करायचा.

सरोज : केला ना काल मुख्यमंत्र्यांनी. महिला-बालकल्याण घ्या म्हणाले. चांगलं खातं आहे.

मनुबाई : चांगलंच हाय. पन शपथ घेतली त्या दोन्ही बायांना तेच इचारलं. बाई दिसली की तेच पुढं करायचं. मी बोलली, सायेब, मी वीस वर्सं बाजारात टोपली घेऊन बसली, मना मासळीचं खातं द्या. तर हसले.

सरोज : आणि मग पत्राचं सांगितलं.

मनुबाई : हां. आपल्याच मच्छीमार सोसायटीचं. खाली अध्यक्षांची सही, म्हंजे माझ्या सख्ख्या मोठ्या दिराची. बाई मासेमारीच्या होरीवर चढत नाय, तर होरीवाल्यांचं खातं बाईला देऊ नये.

सरोज : आणि तुम्ही साहेबांनाच उलट विचारलंत, पत्रावर बायांच्या सह्या किती आहेत. परवापासून मी खिडकीतून बघतेय. टेंभी नाक्यावरून माणसं हार घेऊन येऊन गेली, कोपरीतली शाळेची बाईसुद्धा आली. आपल्या कोळीवाड्यातला एक पुरुष नाही.

मनुबाई : शहाऐंशीला नगरसेवक झाली तवापन नव्हते आले. बाजारात ओटे झाले, नळ आला, मंग आले. नव्वदला आमदार झाली, तर शेजारच्या बाकावरचा इचारतो, ताई, कोनाच्या मिसेस? मी बोलली, कोनाची नाय, सात हजार मतांनी आलीय.

सरोज : हसू नका हो. खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, तुमच्या लेकाच्या जाळ्याला तेलाचा वास येतो. आज हे खातं हुकलं, तर पुढे आपलं ऐकणार कोण? माझ्या तान्ह्या जयाला आपण काय खायला घालणार?

भिवाजी : मनू, हाय का घरात?

मनुबाई : या भावजी. अध्यक्षांना पाट दे गं सरोज.

भिवाजी : बसायला नाय आलो. तू बायांना काय सांगितलंस? महिन्याभरात आज कुठं मासळी लागली. भरतीला चौदा होऱ्या बंदराला लागल्या, नि उतरून घ्यायला एक बाई नाय. माझी बायकोपन नाय, तुझी जाऊ हाय ना ती, चंद्रभागा! चटई टाकून घरात बसलीय. बोलते, पत्र लिवनाऱ्यांनीच विकावी.

मनुबाई : मग विका.

भिवाजी : आमाला विकता येतं काय? आमच्यातल्या दगडूनं पापलेट बोंबलाच्या भावात सांगितलं, गिऱ्हाईक पन हसाय लागलं.

मनुबाई : मी कालपासनं उंबऱ्याभायेर गेली नाय. सुनेला इचारा.

सरोज : काका, मी गेलेले. सकाळी जयाला कडेवर घेऊन. घरोघरी पत्र वाचून दाखवलं, बाकी काही नाही.

भिवाजी : तू? डोंबिवलीची ग्रॅज्युएट? तुला तर सुरमईचे काटे काढता येत नाय.

मनुबाई : पत्राची नक्कल आनलीस कुठनं गं?

सरोज : सोसायटीचा कारकून माझ्यासोबत कॉलेजात होता.

भिवाजी : बघ, ऐक. आजवर त्या खुर्चीत कधी बाई बसली? माझा बाप बोलायचा, होरीला बाईचा हात लागला…

मनुबाई : नाय लावत हात. होरी तुमची, दर्या तुमचा. पन मासळी होरीतनं उतरली का कोनाची होते, भावजी?

भिवाजी : बाईची.

मनुबाई : बरफ, बाजार, रस्ता, गाडी, भाव. त्या खात्याचं काम किनाऱ्यावरनंच सुरू होतं. माझं बोलनं एवढंच हाय.

(फोन वाजतो.)

सरोज : आई, मुख्यमंत्री स्वतः आहेत.

मनुबाई : नमस्कार सायेब. नाय, माझं तेच हाय. पत्राचं? अध्यक्ष समोरच हायत, त्यांनाच इचारा. घ्या भावजी.

भिवाजी : मी? … नमस्कार सायेब. हो, सही माझीच. … नाय, आता मागं घेतो. … हो, बाई चालेल. … चालेल म्हंजे, बाईच पायजे. … नाय नाय, दबाव कोनाचा नाय. चौदा होऱ्या भरून पडल्यात, एवढंच. … घे, तुला बोलवतात.

मनुबाई : हां सायेब. … बरं. … बरं. … आभारी हाय.

सरोज : आई? काय म्हणाले? बोला ना.

मनुबाई : मत्स्यव्यवसाय. उद्या अकराला मंत्रालयात.

भिवाजी : मनू… मी हार सांगून येतो.

मनुबाई : हार ऱ्हाऊ दे. आधी मासळी उतरवा, ऊन चढलंय. सरोज, जा. तुझ्या बोलन्यानं बसल्या, तुझ्याच बोलन्यानं उठतील.

सरोज : मी एकटी? तासभर तरी लागेल. आणि जया? तिला उठल्याबरोबर मी लागते. रडली तर?

मनुबाई : रडू दे. मंत्री हाय ना घरात.