वाफ्याचे तोंड मोकळे केल्याबाबत

जबाब देणार: गल्लीत सगळे 'वाफेवाली मावशी' म्हणतात. वय बासष्ट वर्षे. धंदा घरकाम, शिवाय पालिकेच्या वतीने आमच्या गल्लीतल्या पावसाच्या वाफ्यांची देखरेख. राहणार उताराच्या गल्लीत, वरून तिसरे घर, हिरवे फाटक.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात, कोणी बोलावलेले नसताना आपण होऊन हजर राहून, समक्ष सांगते की, माझ्या यजमानांनी काल या ठाण्यात फिर्याद दिली आहे. आमच्या घरासमोरील वाफ्याच्या कडेला त्यांनी स्वतः बांधलेली नवी भिंत कोणा अज्ञात इसमाने फोडली, अशी ती फिर्याद आहे. त्यातला अज्ञात इसम मी आहे. पंक्चरवाल्याला सोडा.

लिहून घेणाऱ्या हवालदारांनी "बाई, क्रमाने सांगा" असे म्हटल्यावरून क्रमाने सांगते.

वाफा म्हणजे काय, असे विचारले. सांगते की, आमच्या रस्त्याच्या कडेने पालिकेने ठिकठिकाणी लांबट खड्डे केले आहेत. ते रस्त्यापेक्षा गुडघाभर खोल आहेत. तळाला खडी, त्यावर वाळू मिसळलेली माती, वर वाळक्या पाल्याचा थर आणि त्यात झाडे. बघणाऱ्याला वाटते, हौसेने केलेली बाग आहे. पण तिचे खरे काम पाणी पिण्याचे. पाऊस पडला की रस्त्यावरचे पाणी वाहत येते, वाफ्यात उतरते, तिथेच गाळले जाते आणि जमिनीत मुरते. पाणी आत उतरावे म्हणून रस्त्याच्या कठड्याला मुद्दाम एक तोंड ठेवलेले असते. हे तोंड महत्त्वाचे आहे, नीट लिहा.

माझे काम असे की, मोठा पाऊस होऊन गेला की खुरपे आणि बादली घेऊन सगळ्या वाफ्यांवरून फिरायचे. तोंडाशी पाला, गाळ, पिशव्या अडकल्या असतील तर काढायच्या. पाणी धारेने येऊन माती कुठे कापली गेली का, ते बघायचे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभेच दिसले तर वर गाळ बसला असे समजून तो खरवडायचा आणि नवा पाला पसरायचा. तण उपटायचे. आणि वाफ्यात उभे राहून फोनवर बोलणाऱ्यांना बाहेर काढायचे, कारण तुडवलेल्या मातीत पाणी मुरत नाही. या शेवटच्या कामामुळे गल्लीत माझे नाव तोंडाळ म्हणून झाले आहे. झाले तर झाले.

माझे यजमान गवंडी. उभे आयुष्य भिंती बांधण्यात गेले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सुधारला, उजवा हात मागे राहिला. तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्चीवर बसतात, आणि तो हात मांडीवर असा ठेवतात, जणू कोणी सांभाळायला देऊन गेले आहे. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. मी मटार सोलायला दिले. "गवंड्याला मटार?" असे म्हणून त्यांनी ताट सरकवले. लोकरीचा गुंडा दिला, तो पंक्चरवाल्याच्या मांजराकडे गेला. शेवटी मी नाद सोडला. बोलणेही कमी केले, कारण मी काही बोलले की ते नुसते "बरं" म्हणायचे. पूर्वी आम्ही दोघे असे भांडायचो की शेजारी खिडक्या उघडायचे. ऐकू यावे म्हणून.

पंक्चरवाला म्हणजे आमच्या समोरच्या बाजूला, उताराच्या अगदी तळाशी ज्याचे दुकान आहे, तो. मुलगा सज्जन आहे. माझे यजमान आणि तो यांचे पटत नाही. तो दुकानासमोर गाड्या धुतो आणि फेस रस्त्यावर सोडतो, असे यजमानांचे म्हणणे. ते खरेही आहे, पण तो विषय वेगळा.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला मुलगी झाली, म्हणून मी दोन दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले तर यजमान फाटकात उभे. विजारीला सिमेंट लागलेले. म्हणाले, "डोळे मीट." मला हाताला धरून वाफ्यापर्यंत नेले आणि म्हणाले, "आता उघड." बघते तो कठड्याचे तोंड बंद. तिथे विटांची पक्की, गुळगुळीत गिलावा केलेली भिंत.

ते म्हणाले, "तुझ्या त्या पालिकेच्या गवंड्यानं भगदाड ठेवून दिलं होतं. कामचुकार लेकाचा! रस्त्याचं सगळं घाण पाणी तुझ्या झाडांत शिरत होतं. मी बुजवलं."

मी विचारले, "तुम्ही? एकट्यानं?"

त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. नखांत सिमेंट भरलेले होते. मी म्हणाले, "छान." ते म्हणाले, "नुसतं छान? फक्कड म्हण." मी फक्कड म्हणाले.

तेव्हाच खरे का सांगितले नाही, असे हवालदारांनी विचारले. मी त्यांना विचारले, तुमचे लग्न झाले आहे का. त्यांनी उत्तर लिहिलेले नाही. मी सांगते की, त्या माणसाने वर्षभराने हात उचलला होता. तोही माझ्या झाडांसाठी. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे की बाबा रे, तू वाफ्याचा गळा दाबलास? माझी जीभ रेटली नाही. मनात म्हटले, बघू, पाऊस येईपर्यंत काहीतरी सुचेल.

दुसऱ्याच दिवशी पाऊस आला. पाणी उतारावरून आले, वाफ्याचे तोंड बंद बघून वळले आणि रस्ता ओलांडून सरळ पंक्चरवाल्याच्या दुकानात गेले. दुकानात ट्यूबा पोहायला लागल्या. तो झाडूने पाणी बाहेर काढतोय, मी बादलीने काढतेय, आणि वर आमच्या खिडकीतून, जिथून वाफा दिसतो पण दुकान दिसत नाही, आमचे हे आनंदाने ओरडताहेत, "बघ, बघ! एक थेंब आत जात नाही!"

पंक्चरवाला म्हणाला, "मावशी, मी काकांना समजावून सांगतो."

मी म्हणाले, "खबरदार!"

तो म्हणाला, "मग मी टायर विकून होड्या ठेवतो."

मी त्याच्याकडे हातोडी मागितली. तो म्हणाला, "माझ्याकडे काही मागू नका. खिळ्याला काय काय टांगलंय, ते मला पाठ नाही." असे म्हणून तो पाठ करून उभा राहिला. म्हणजे हातोडी त्याने दिलेली नाही, मी घेतली. हे त्याच्या बाजूने लिहावे.

काल जेवण झाल्यावर यजमान झोपले. मी हातोडीला गोणपाट गुंडाळले, आवाज होऊ नये म्हणून, आणि भिंत फोडायला घेतली. ती फुटेना. मी सांगते, ज्यांनी ज्यांनी म्हटले की या माणसाचा हात आता कामातून गेला, त्यांनी एकदा माझ्या जागी बसून ती भिंत फोडून बघावी. माझ्या दंडात गोळे आले. एकीकडे मला रडू येत होते आणि एकीकडे इतका आनंद होत होता की काय सांगू. हवालदार म्हणाले, यातले एक काहीतरी लिहू. मी म्हटले, दोन्ही लिहा.

शेवटी गोणपाट फाटले, पण तोंड मोकळे झाले. विटांचे तुकडे मी बादलीत भरून मागच्या अंगणात नेऊन टाकले. हातोडी जागेवर टांगली. ती पुसायची मात्र राहिली. नवशिक्या चोराचे असेच होते.

यजमान उठले, खिडकीतून बघितले आणि घर डोक्यावर घेतले. "कुणी केलं? कुणाची हिंमत झाली?" वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता. मी तेव्हाच सांगायला हवे होते, पण तेवढ्यात त्यांनी चपला घातल्या, काठी घेतली आणि निघाले. घरापासून ठाण्यापर्यंत ते चालत आले. मी मागून, जरा अंतर ठेवून. मनात म्हटले, फिर्याद द्यायला का होईना, माणूस चालतोय! त्या आनंदात मी गप्प बसले. इथे माझे चुकले.

आज सकाळी बघते तो पंक्चरवाल्याचे दुकान बंद. शेजारच्या किराणावाल्याने सांगितले की पोलीस दुकानोदुकानी चौकशी करत आले होते, हातोडीला सिमेंट सापडले आणि त्याला घेऊन गेले. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मी अंगावरच्या साडीनिशी इथे आले. तो बाहेर बाकावर बसला होता. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही घरी जा. मी सांगितलंय, मला काही आठवत नाही." घरी जा म्हणे! उद्या त्याच्या दुकानात कोण गाडी लावेल? पोलिसांनी नेलेला म्हणून त्याचे नाव होईल, आणि ते माझ्या एका 'फक्कड'मुळे.

इथपर्यंत जबाब झाला असताना हवालदार सारखे भुवया उडवू लागले. मला वाटले, माझ्या बोलण्याला कंटाळले. मागे वळून बघते तो दारात यजमान उभे. आरोपी पकडला असे कळल्यावरून त्याला बघायला आले होते. कधीपासून उभे होते ते मला माहीत नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून कळले की बरेचसे ऐकले आहे.

ते पंक्चरवाल्याला म्हणाले, "पाणी दुकानात गेलं होतं?"

तो म्हणाला, "थोडंसंच, काका."

मी म्हणाले, "ट्यूबा पोहत होत्या."

ते बाकावर बसले. त्यांनी हवालदारांना फिर्याद मागे घेतो असे सांगितले. पंक्चरवाल्याला म्हणाले, "चुकलं माझं. फेसाचं मात्र मी विसरलेलो नाही." मग माझ्याकडे बघत राहिले. मला वाटले, आता 'बरं' म्हणतील आणि गप्प होतील, आणि पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती खिडकी.

ते म्हणाले, "खरं सांग. मला झटका आला नसता आणि मी ती भिंत बांधली असती, तर काय म्हणाली असतीस?"

मी म्हणाले, "जाऊ द्या ना आता."

"जाऊ द्या नाही. काय म्हणाली असतीस?"

मी सांगितले, "डोकं फिरलंय का तुमचं, म्हणाले असते."

"मग तेच म्हण."

हवालदार, पंक्चरवाला, ठाण्यातली इतर मंडळी, सगळे बघत होते. मी म्हणाले, "डोकं फिरलंय का तुमचं? कुणाला न विचारता सिमेंट कालवत बसलात! हे तोंड पाण्यासाठी असतं, एवढं कळत नाही? इतकी वर्षं काय पत्त्यांचे बंगले बांधलेत?" एकदा सुरू झाले ते थांबेना. वर्षभराचे साठले होते. बहुतेक ते सगळे बाहेर पडले, मटारसकट.

त्यावर ते हसले. अगदी मोठ्याने, काठी हातातून सुटेपर्यंत. मग म्हणाले, "आता माझं ऐक. छिन्नी न लावता हातोडीनं फोडलीस? गवंड्याची बायको ना तू? कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या असतील!" मी म्हणाले, "छिन्नीचा आवाज होतो, तुम्ही उठला असता." ते म्हणाले, "उठलो असतो तर बरं झालं असतं, नीट फोडून तरी दिली असती." आमचे भांडण बराच वेळ चालले. साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले आणि चहा मागवून पुन्हा आत गेले.

मग त्यांनी विचारले की तोंड केवढे हवे आणि उतार कुठे हवा. मी सांगितले की, तोंड हातभर रुंद हवे, उतार आतल्या बाजूला हवा आणि पाणी पडते तिथे चपटे दगड बसवायला हवेत, म्हणजे माती कापली जात नाही. ते म्हणाले, "दगड बसवायचं काम तुझं नाही, ते माझं." हवालदारांनी हे ऐकून सांगितले की ठाण्याच्या फाटकापाशीही असाच एक वाफा आहे, पण त्यात पाणी जातच नाही, सगळे आवारात साचते आणि साहेबांचे बूट भिजतात. त्यावर यजमान काठी शोधायला न थांबता उठून बाहेर गेले. पंक्चरवाला त्यांच्या मागे गेला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हातोडी जप्त केली असल्यास ती ज्याची त्याला परत द्यावी, त्याचा धंदा आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. 'आनंद' हा शब्द त्यांनी गाळला होता, तो पुन्हा घालून घेतला. सही करते.

साक्षीदार म्हणून यजमानांची सही हवी म्हणून त्यांना खिडकीतून हाक मारली असता, ते फाटकापाशी वाफ्यात गुडघ्यावर बसलेले दिसले. हात चिखलात आहेत, सही नंतर बघू, तू आधी इकडे येऊन गाळ बघ, असे त्यांनी तिथूनच ओरडून सांगितले. म्हणून मी निघते.