भुऱ्याचा पिंजरा

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. मी अन् बायको जर्मनीले जायची तयारी करून राहिलो होतो, अन् संगं आमचा कुत्रा भुऱ्या. दुर्गच्या जनावराच्या डॉक्टरनं सांगितलं, "विमानात पिंजऱ्यातच बसावं लागते. आतापासून सवय लावा, नाही तर त्याले इथंच ठेवून जावं लागन."

चांगला मोठा पिंजरा आणला. पण भुऱ्या आत पाय टाकन तर शपथ! पोळी ठेवली, पोळीले तूप लावलं, तरी नाही. बायको म्हणे, "त्याले भेव लागून राहिलं. तू आत बसून दाखव ना."

"मी?"

"मंग का मी बसू?"

बसलो बाप्पा. गुडघे हनुवटीले टेकले. तुपाची पोळी हलवत म्हटलं, "ये भुऱ्या, पाह्य कसं मस्त आहे!" तो आला, पोळी ओढून घेतली, अन् पलटताना दाराले असा धक्का दिला का बाहेरून कडीच बसली. बायको हसून हसून खाली बसली.

तेवढ्यात दारात सासरे! स्टील प्लांटमधून रिटायर झालेला कडक माणूस. आमचं जायचं ठरल्यापासून दोन महिने घरी आले नव्हते, अन् बोललेही नव्हते. त्यांनी पिंजऱ्यात मले पाहिलं. सोफ्यावर पोळी खाणाऱ्या भुऱ्याले पाहिलं. मंग पोरीले हळूच विचारलं,

"कुत्र्याचा व्हिसा झाला, अन् जवाईबापूले नाही भेटला का वं?"