फाटक्या जीनचं रफू

…व्हय, पंक! ठावं हाय मला. रफूच्या दुकानात बसतोय म्हणून अडाणी समजू नका, पावणं, डोक्यावर केसांचा कोंबड्यासारखा तुरा काढला म्हणून शानं होत न्हाई कुणी. विलायतेत निघालं ते, शहात्तर-सत्त्याहत्तर सालात — बिनकामाची पोरं, गिटारीवर तीन सूर वाजवले की झाले कलावंत! गळा? न्हाई. ताल? त्योबी न्हाई. राणीच्या नावानं बोंब मारायची, कापडं फाडायची, त्यात पिना टोचायच्या — झालं पंक. आणि तीस वर्सांनी त्यांचं उष्टं आमच्या राजारामपुरीत! पोटभर जेवलेल्यांची थेरं सगळी. — मला कुणी सांगितलं? पोरीनं, अक्षतानं. कालेजात बँड काढलावता, चार टाळकी मिळून. ‘आबा, गाणं कशाला यायला पायजे? मनातलं वरडायला आलं की बास,’ म्हणायची. ऐका!

फाटकं म्हंजे काय, तुमास्नी काय कळणार? माझी आई, तानूबाई — एकच लुगडं. फाटकी बाजू निऱ्यांत दडवून कागलला दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची. मागनं कोण आलं की फाटकं दिसंल म्हणून जागची हलायची न्हाई. ते बघून मी रफू शिकलो. आतल्या शिवणीतनं त्याच कापडाचा दोरा काढायचा, त्यानंच भोक विणायचं — मालकालाबी हुडकून सापडत न्हाई. उभी हयात लोकांचं फाटकं दडवलं, आणि माझीच पोरगी गुडघे उघडे टाकून मिरवणार? गॅदरिंगच्या आदल्या दिवशी तिची जीन दिसली खुंटीला. सात भोकं, अकरा पिना. दुकान बंद ठेवून बसलो. पिना काढल्या, सातीच्या साती बुजवली — असलं रफू जन्मात केलं न्हाई! वाटलं, गळ्यात पडंल. रडली, पावणं. ‘आजीनं दडवलेलं मी भाईर काढलंवतं, आबा,’ म्हणाली, आणि गेली पुण्याला. दोन वर्सं झाली, फोन न्हाई. चूक कुणाची? तिचीच की! — ह्या डबीत काय? पिना त्या. गंजत्यात, म्हणून तेल लावून ठेवतो. मशीनला लावतोच, तवा त्यास्नीबी.

आणा, काय आणलंय? जाकीट. खांदा फाटलाय, कोपराला भोक, पाठीवर दोन… कुणाचं म्हणालासा? अक्षताचं? तिनं धाडलं? ‘आबांकडंच दे’ म्हणाली?

ह्यातलं कुठलं बुजवायचं आणि कुठलं ठेवायचं, ते सांगितलं का तिनं? — न्हाई? मग फोन लावा, इचारून या. त्याबिगर सुई लावणार न्हाई मी. बघत काय ऱ्हायलायसा, जावा की!